ह्यांचे उपास

आमच्या ह्यांनी पहिला उपास धरला तेव्हा मी मजल्यावरच्या चारही घरांत पेढे दिले होते. आता ते आठवलं की स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते. पण दिले होते, आणि मोठ्या ऐटीत दिले होते, हे लपवण्यात काही अर्थ नाही.

पेढे का, हे कळायला आधी हे कोण ते कळायला हवं. हे म्हणजे दिनकर, माझे यजमान. सरकारच्या सांख्यिकी खात्यात चौतीस वर्षं आकडे मोजून निवृत्त झालेले गृहस्थ. ह्यांना प्रत्येक गोष्टीला पुरावा लागतो, आणि देवाने तो कधी दिला नाही, म्हणून ह्यांचं आणि देवाचं कधी जमलं नाही. लग्नानंतरच्या पहिल्या सत्यनारायणाला सासूबाईंच्या धाकाने पाटावर बसले, तेवढंच. त्यानंतरच्या सगळ्या पूजांना मी दुसऱ्याच कुठल्यातरी जोडप्याला बसवलं आणि हे आतल्या खोलीत पेपर वाचत राहिले. प्रसादाचा शिरा मात्र दोनदा मागून घ्यायचे.

माझे गुरुवार, चतुर्थी, एकादशी असे उपास असायचे. माझ्या साबुदाण्याच्या खिचडीकडे बघून हे दर वेळी म्हणायचे, "एकादशी, दुप्पट खाशी." छत्तीस वर्षं, एकही एकादशी न चुकवता. आणि मी पहाडगंजच्या मराठी शाळेत विज्ञान शिकवायची, त्यामुळे ह्यांना आणखीच ऊत यायचा. "सरला, तुझ्या पुस्तकात गुरुवार कितव्या धड्यात आहे गं?" मीही गप्प बसणारी नव्हे. मी तोंडाची फटकळ, माहेरीही तेच नाव होतं माझं. दिल्लीतलं भाड्याचं घर सुटून नोएडात स्वतःचा फ्लॅट झाला, अर्पिता मोठी झाली, लग्न होऊन फरीदाबादला गेली, तरी आमची जुगलबंदी चालूच होती. ह्यांच्याशी मी नुसतं गोड बोलले, असे दिवस बोटांवर मोजता येतील.

तर गेल्या जूनमधल्या एका गुरुवारी सकाळी हे स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "आज माझ्यासाठी पोळ्या नको करूस. मीही उपास करतो."

मी कपाळाला हात लावून बघितला. "ताप आहे का?"

"नाही गं. करून बघतो. तू इतकी वर्षं सांगतेयस."

आंधळा मागतो एक डोळा, देव देतो दोन. गुरुवारपाठोपाठ ह्यांनी चतुर्थी धरली, मग शनिवार, मग एकादशी. श्रावण लागला तसे सोमवारही. आणि उपास कसा, तर खरा. साबुदाणा नको, जड पडतो. वरीचे तांदूळ नको, घशाशी येतात. राजगिऱ्याची पातळ खीर, शिंगाड्याच्या पिठाची पेज, ताक, दूध. बटाट्याचा कीस आणि दाण्याची आमटी हाणणारी मी, मलाच माझ्या ताटाची लाज वाटायला लागली. मनात म्हटलं, नास्तिक माणूस वळला की असा वळतो.

ज्या दिवशी उपास नसे त्या दिवशी पोळी कोरडी लागते म्हणून तक्रार. मग मी पोळी वरणात कुस्करून द्यायला लागले. पुढे भातही मऊ करायला लागले, आसट. भाजी हळूच ताटाच्या कडेला जायची. जेवता जेवता हे उठून बेसिनकडे जायचे आणि खोकल्याचा आवाज यायचा. मी आतून ओरडायचे, "सावकाश खा ना, कुठे गाडी सुटतेय!" हे चूळ भरून परत येऊन बसायचे आणि म्हणायचे, "झालं माझं."

मला ह्यातलं काही दिसलं नाही असं मी म्हणणार नाही. दिसलं सगळं. पण मी त्याचा अर्थ माझ्या सोयीने लावला. आणि मी खूश होते. इतकी खूश, की संध्याकाळी दोघांचा चहा घेऊन मी बाल्कनीत ह्यांच्या शेजारी जाऊन बसायला लागले. एरवी मी माझा चहा ओट्यापाशी उभ्या उभ्या संपवायची. श्रावणात मी पोथी वाचायचे आणि हे समोर बसून ऐकायचे. मध्येच शंका विचारायचे, पण कुचेष्टेने नाही. मी समजावून सांगायचे आणि हे मान डोलवायचे. ह्यांचा पांढरा झब्बा मी स्वतः इस्त्री करून ठेवू लागले. माझी मैत्रीण विजयमाला, इथल्या मराठी मंडळात माझ्याबरोबर पंचवीस वर्षं काम केलेली, तिला मी फोन करून सांगितलं, "आमचे हे सुधारले गं बाई." ती म्हणाली, "तुझं पुण्य फळलं." मला ते पटलं.

गणपतीत तर कहरच झाला. आमच्या मंडळाच्या महाप्रसादाला हे दरवर्षी फक्त जेवायला यायचे आणि जेवून अंगारा न लावता निघायचे. ह्या वर्षी म्हणाले, "मी वाढायला घेतो." कमरेला पंचा बांधून तीन पंगती वाढल्या ह्यांनी. मसालेभाताचं पातेलं घेऊन फिरत होते, आग्रह करत होते. लोक येऊन मला सांगत होते, "वहिनी, काय जादू केलीत?" मी मिरवून घेतलं. वाढणाऱ्याच्या ताटाकडे कुणी बघत नाही, तो शेवटी कुठेतरी चार घास खाऊन घेतो असं सगळे धरून चालतात, हे तेव्हा माझ्या डोक्यातही आलं नाही. हे त्या दिवशी काही जेवले की नाही, मला आजही माहीत नाही.

गणपती गेल्यावर ह्यांच्या छातीत जळजळ व्हायला लागली. मीच धरून आमच्या सेक्टरमधल्या डॉक्टरांकडे नेलं. आधी काट्यावर उभं केलं, मग डॉक्टरांनी विचारलं, "वजन पहले कितना था?"

"चौहत्तर," हे म्हणाले.

काट्यावर त्रेसष्ट भरलं होतं. डॉक्टर लिहीत होते, त्यांनी मान वर केली. "ग्यारह किलो? कितने महीने में?" मग पेन खाली ठेवलं. "अंकल जी, खाना कहीं अटकता है? रोटी, चावल?"

ह्यांनी तोंड उघडलं. मी आज शपथेवर सांगेन, ह्यांनी बोलायला तोंड उघडलं होतं. आणि मी बोलले.

"अटकता-वटकता कुछ नहीं, डॉक्टरसाहब. ये उपवास रखते हैं. हफ्ते में तीन-तीन, चार-चार. इसी लिए वजन उतरा है."

किती कौतुकाने बोलले मी! डॉक्टर हसले. "अरे वाह, आंटी जी. आजकल तो लोग पैसे देकर भूखे रहते हैं." मग ह्यांच्याकडे वळून म्हणाले, "बाकी सब ठीक है ना?"

ह्यांनी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "जी."

महिनाभराच्या ॲसिडिटीच्या गोळ्या मिळाल्या. आराम पडला नाही तर एंडोस्कोपी, असं चिठ्ठीच्या तळाशी लिहिलं होतं. आराम पडला का, असं मी महिन्याने विचारलं, हे हो म्हणाले, आणि चिठ्ठी ड्रॉवरमध्ये गेली. ज्याला विचारलं त्यानेच उत्तर द्यायचं, हा माझ्या वर्गातला पहिला नियम होता. मध्ये बोलणाऱ्या पोराला मी तास संपेपर्यंत उभं करायचे.

नवरात्रात हे नऊ दिवस दुधावर राहिले. खालच्या मजल्यावरची पंजाबी शेजारीण पाया पडायला आली. "अंकल जी तो पूरे भगत हो गए." शेवटच्या दोन दिवसांत दूधही चमच्याने घेत होते. मी म्हटलं, निग्रह.

मग दिवाळी आली, आणि दिवाळीला कुणाला उपास करता येत नाही.

नरक चतुर्दशीला सकाळी अर्पिता आणि जावई आले. अभ्यंगस्नान झालं, मी फराळाची ताटं मांडली. ह्यांनी चिवडा नको म्हटलं, चकली नको म्हटलं. अर्पिता म्हणाली, "बाबा, हे काय यार! आज तर उपास नाही ना? एक करंजी तरी घ्या." सगळे बघत होते. ह्यांनी करंजीचं टोक मोडून तोंडात टाकलं. मग बराच वेळ चावत राहिले. मग गिळलं आणि ताठ झाले. डोळ्यांतून पाणी, तोंडातून लाळ. श्वास चालू होता, पण थुंकीसुद्धा खाली जात नव्हती. छातीच्या मधोमध बोट ठेवून हे नुसते दाखवत होते.

अकराच्या सुमाराला एका मोठ्या हॉस्पिटलमध्ये ह्यांना एंडोस्कोपीला आत नेलं. अर्ध्या तासाने डॉक्टर एक छापील कागद घेऊन बाहेर आले. त्यावर चार रंगीत फोटो होते. करंजीचा तुकडा निघाला होता. पण तो जिथे अडकला तिथे गुलाबी नळीच्या आत एका बाजूने काहीतरी उगवलं होतं. पांढरट, खडबडीत, वर जखम असलेलं, आणि नळीची जवळजवळ सगळी वाट अडवलेलं. दुर्बीण पुढे जातच नव्हती. त्या गाठीचा तुकडा तपासायला पाठवला होता, पण डॉक्टरांच्या चेहऱ्यावर सगळं होतं. अन्ननलिका. पंचवीस सेंटिमीटर लांबीची स्नायुमय नळी. दरवर्षी आठवीच्या वर्गात फळ्यावर गुलाबी खडूने काढायचे मी.

हे शुद्धीवर आल्यावर डॉक्टरांनी विचारलं, "ये तकलीफ कब से है?"

"आज सुबह से," अर्पिता म्हणाली.

ह्यांनी मान हलवली. घसा बसला होता, तरी स्पष्ट बोलले, "पाँच जून से. गुरुवार था."

आकड्यांचा माणूस. तारीख, वार, सगळं नीट. मी पलंगाची दांडी धरून उभी होते. पाच जूनला संध्याकाळी मी पेढे घेऊन शेजारपाजारच्या घंट्या वाजवत होते.

बाहेर येऊन अर्पिता माझ्यावर तुटून पडली. "आई, तू सायन्स टीचर होतीस ना? जो माणूस लाइफमध्ये कधी देवाला नमस्कार करत नाही, तो हफ्त्यात चार उपास करतो, अकरा किलो वजन जातं, आणि तुला जराही डाउट आला नाही?"

"तुला आला?"

"मी फरीदाबादला असते! तू समोर बसून वाढत होतीस!"

जावई मध्ये पडले, "चलो, आता नको." मग तीच माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडायला लागली आणि मी तिला थोपटत राहिले. मला स्वतःला रडू येत नव्हतं. मला राग आला होता, आणि तो कुणावर काढायचा ते ठरत नव्हतं.

तपासणीचा निकाल आला. कर्करोगच. मग आजार अंगात कुठवर पसरलाय ते दाखवणारा पेट स्कॅन झाला, आणि मग सर्जन, रेडिएशनवाले, कीमोवाले अशा सगळ्या डॉक्टरांनी एकत्र बसून काय करायचं ते ठरवलं. आम्हाला समजावून सांगायला सर्जन होत्या, पंचेचाळिशीच्या बाई, हळू आवाजात बोलणाऱ्या. त्यांनी कागदावर अन्ननलिका काढून दाखवली. वाकडी काढली होती, पण मी काही बोलले नाही.

"ऑपरेशन सीधे नहीं करेंगे," त्या म्हणाल्या. "पहले पाँच हफ्ते रेडिएशन, और साथ में हर हफ्ते कीमो. गाँठ सिकुड़ेगी. फिर छह-आठ हफ्ते रुककर दुबारा स्कैन. अगर बीमारी कहीं और नहीं गई, तो ऑपरेशन." ऑपरेशन म्हणजे अन्ननलिका काढून टाकायची आणि जठर वर ओढून तिच्या जागी जोडायचं. "रास्ता लंबा है, पर ठीक होने का रास्ता यही है."

म्हणजे सगळं येऊन थांबलं होतं फेब्रुवारीतल्या एका स्कॅनवर. तो स्वच्छ निघाला तर ऑपरेशन, ऑपरेशन झालं तर माणूस वाचण्याची आशा. इतकं सरळ.

मला मात्र एकच विचारायचं होतं. "मॅडम, जून में आते तो?"

बाई कागदाकडे बघत राहिल्या. "दो लिम्फ नोड में फैला है. जून में शायद न होता. शायद. मैं पक्का नहीं कह सकती."

त्या 'शायद'ने नंतर माझा पिच्छा सोडला नाही. भाजी चिरताना, मेट्रोत, आंघोळीला बसले तरी तेच.

पाच आठवडे आम्ही रोज नोएडाहून हॉस्पिटलला जाऊन-येऊन केलं. ह्यांच्या नाकातून नळी घातली होती. डाळीचं गाळलेलं पाणी, दूध, पावडर कालवून मी मोठ्या सिरिंजने त्या नळीत सोडायचे, दिवसातून सहा वेळा. आधीच्या साडेचार महिन्यांत गेलं नसेल तेवढं अन्न आता ह्यांच्या पोटात जात होतं, आणि एक घासही तोंडातून नाही. हे गप्प बसून सिरिंजकडे बघायचे. मीही गप्प. माझे उपास मी सोडून दिले. देवावर रुसून नव्हे. उपासाचं ताट समोर आलं की मला ओकारी यायची.

मी ह्यांच्याशी बोलतच नव्हते असं नाही. वेळेवर औषध द्यायचे, पाठ चोळून द्यायचे. पण आतून जळत होते. ज्या गोष्टीला मी आयुष्यभर मानलं, तिच्या आड हा माणूस लपला. माझ्या देवाचा ह्यांनी पडदा केला, आणि तो पडदा मीच कौतुकाने धरून उभी राहिले, अगदी डॉक्टरांसमोरसुद्धा. एकदा न राहवून विचारलंच, "का केलंत असं?" ह्यांनी घशाकडे बोट दाखवलं. रेडिएशनने घसा सोलला होता, बोलवत नव्हतं. बरं निमित्त होतं.

जानेवारीत जरा उजाडलं. घशातली आग कमी झाली. आधी पाणी गिळता आलं, मग मऊ भात. नळी निघाली. संक्रांतीला ह्यांनी तूप लावून पोळी खाल्ली, गुळाची, अख्खी. मी समोर बसून प्रत्येक घास गळ्याखाली उतरताना बघितला. वजन तीन किलो वाढलं. सर्जन बाई खूश झाल्या. छातीची ताकद वाढवायला प्लास्टिकच्या तीन गोळ्यांचं एक खेळणं दिलं होतं, त्यात श्वास ओढून गोळ्या वर उचलायच्या. हे सकाळ-संध्याकाळ ते करायचे आणि किती सेकंद गोळ्या वर राहिल्या ते वहीत लिहायचे. जिना चढायचे. अठरा फेब्रुवारी ही ऑपरेशनची तारीख मिळाली, स्कॅन चांगला आला तर.

मी परत बोलायला लागले. टोमणेही परत आले. "चार जिने चढून स्वर्ग नाही गाठायचा, हळू." हे हसायचे. मला वाटलं, जे झालं ते झालं, निभावलं आपण. ऑपरेशन होऊन घरी आले की एकदा कडाडून भांडेन, तोवर नको. एवढा भरवसा वाटायला लागला होता मला.

फेब्रुवारीतल्या दुसऱ्या आठवड्यात स्कॅन झाला आणि दोन दिवसांनी सर्जन बाईंनी बोलावलं. अर्पिताला सुट्टी नव्हती, आम्ही दोघंच गेलो. बाईंनी स्क्रीन आमच्याकडे वळवला. अन्ननलिकेतली गाठ जवळजवळ गेली होती. मग त्यांनी खालचं चित्र दाखवलं. यकृतात दोन ठिपके चमकत होते, पाठीच्या मणक्यात एक.

"ये नए हैं," त्या म्हणाल्या. "नवंबर में नहीं थे."

"तो ऑपरेशन?" मी विचारलं.

"अब ऑपरेशन से फायदा नहीं होगा, आंटी. सिर्फ तकलीफ होगी." मग पुढचं सांगितलं. पुन्हा कीमो, आणि त्याबरोबर इम्युनोथेरपी, म्हणजे शरीराच्या स्वतःच्या सैन्यालाच जागं करणारं औषध. गाठीचा पहिला तुकडा ठेवलेला होता, त्यावरच एक तपासणी करून ते औषध किती लागू पडेल ह्याचा अंदाज येणार होता. काहींना फार चांगला गुण येतो. "बीमारी को रोककर रखने की कोशिश करेंगे."

रोखून धरायची. बरी करायची नव्हे. त्यांनी शब्द अगदी जपून वापरला होता.

ह्यांनी शांतपणे विचारलं, "मीडियन कितना है?" म्हणजे निम्मे रुग्ण किती काळ जगतात.

बाईंनी एकदा माझ्याकडे बघितलं. ह्या वेळी मी तोंड उघडलं नाही.

"साल, सवा साल," त्या ह्यांना म्हणाल्या. "पर मीडियन ही है. कुछ लोग बहुत आगे जाते हैं."

"हाँ, आधे लोग," हे म्हणाले आणि मान डोलावली. एखाद्या कारकुनाने बरोबर बेरीज करून आणावी तसं काहीतरी समाधान होतं चेहऱ्यावर. मला तो चेहरा फाडून टाकावासा वाटला.

तिथून आम्ही हॉस्पिटलच्या कँटीनमध्ये गेलो. ह्यांना भूक लागली होती. मी इडली-सांबार आणून दिलं. हे चमच्याने मोठाले तुकडे करून खायला लागले. सरळ खाली जात होतं. कुठे अडत नव्हतं. आता सगळं गिळता येत होतं आणि त्याचा काडीचा उपयोग नव्हता.

"मला आज सांगायचं," मी म्हटलं. "घसा बसलेला नाही आता. कधी कळलं तुम्हाला?"

हे खात राहिले. मग म्हणाले, "पाच जूनला सकाळी चहाबरोबर रात्रीची पोळी खाल्ली, ती अडकली. घाबरलो. म्हटलं, आज जेवायला नको. तुझा गुरुवार होता, म्हणून म्हटलं मीही करतो. तेवढ्यापुरतंच होतं गं."

"मग दुसऱ्या दिवशी सांगायचं!"

"तोवर तू पेढे वाटून आलीस."

मी पाण्याचा ग्लास ह्यांच्यापुढे सरकवला.

"नंतर वाटलं ॲसिडिटी असेल. नवरात्रात दूध अडायला लागलं तेव्हा मात्र कळलं. एवढं वाचलंय मी. पण तोवर सगळ्या मंडळाला सांगून झालं होतं तुझं."

"आणि डॉक्टरांनी तोंडावर विचारलं तेव्हा? अटकता है का, म्हणून?"

"सांगणारच होतो. तू बोललीस. मग तुझ्याकडे बघितलं." त्यांनी चमचा खाली ठेवला. "तू माझं कौतुक करत होतीस, सरला. परक्या माणसासमोर. छत्तीस वर्षांत पहिल्यांदा."

"म्हणून जीव घालवायचा?" मी ओरडले. शेजारच्या टेबलावरची माणसं वळून बघायला लागली. बघू देत.

"जीव जाईल असं नव्हतं वाटलं. वाटलं, अजून थोडे दिवस." हे अगदी हळू बोलत होते. "तू संध्याकाळी चहा घेऊन बाल्कनीत येऊन बसायचीस. हसून बोलायचीस. सांगितलं असतं, तर पहिलं काय म्हणाली असतीस? सांग ना."

मला माहीत होतं मी काय म्हणाले असते. शंभरदा सांगितलं सावकाश जेवा, ऐकाल तर शपथ, आता भोगा. असंच म्हणाले असते. मग टॅक्सी बोलावली असती, दवाखान्यात नेलं असतं, वाचवलंही असतं कदाचित, पण पहिलं वाक्य हेच असतं. नाही म्हणायला मी तोंड उघडलं आणि मला ते म्हणता आलं नाही. छत्तीस वर्षं ज्या माणसाबरोबर काढली त्याला माझ्या एका गोड शब्दासाठी उपाशी राहावं लागलं, आणि तो राहिला.

हे परत खायला लागले. मी समोर बसून होते. आता खोटं बोलून कुणालाच वाचवायचं नाही, म्हणून खरं ते सांगते. ते साडेचार महिने फक्त ह्यांनाच सुखाचे गेले असं नाही. मलाही गेले. लग्नातले सगळ्यात चांगले दिवस कोणते असं मला कुणी विचारलं, तर मी तेच सांगेन. ह्यांच्या आत ते वाढत होतं, आणि मी सुखात होते. आज देव समोर येऊन म्हणाला की ते दिवस पुसून टाकतो, तुझा माणूस तुला धडधाकट परत देतो, पूर्वीसारखाच, पेपरात डोकं घालून बसलेला आणि तुझ्याशी भांडणारा, तर मी हो म्हणेन. पण हो म्हणायला मला क्षणभर वेळ लागेल.